हलफनाम्यातलं नाव

बारावीला मला डॉक्टरकीला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. त्या काळात लातुरात ही गोष्ट लपवून ठेवता येत नसे. किराणा दुकानदार, रिक्षावाले, देवळातले पुजारी, ज्याला त्याला एकच प्रश्न पडलेला: "किती पडले?" आमच्या वरच्या खोलीत दोन मुली भाड्यानं राहत, एक नांदेडची, एक परभणीची. दोघी क्लाससाठी आलेल्या. त्यांचा अभ्यास मोडू नये म्हणून बाबा घरात रेडिओ लावू देत नसत. माझा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी दुकानातून आल्यावर माझ्या जीवशास्त्राच्या वह्या गोळा केल्या, वरचं धूळ लागलेलं पान फाडलं आणि जिना चढून त्या मुलींना देऊन आले. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

कायद्याला मी गेले ती मामाच्या सांगण्यावरून. "घरी बसण्यापेक्षा बरं," तो म्हणाला. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

कॉलेज म्हणजे एका शाळेच्या मागच्या तीन खोल्या. सकाळी सात ते दहा आमचं, नंतर पोरांची शाळा. बाकं त्यांच्याच मापाची, त्यामुळं गुडघे वर येत. फळ्याशेजारी बाराखडीचे तक्ते टांगलेले. वर्गात आम्ही सतरा जण होतो. एक एसटीतला कंडक्टर, पोलीस भरतीची वाट बघणारे दोघं, पन्नाशीला टेकलेले एक मास्तर. मुली दोनच, आणि त्यातली दुसरी दिवाळीनंतर यायची बंद झाली.

आम्हाला शिकवायला एक म्हातारे वकील होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या लातुरातलं. त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत उर्दूत दावे लिहायचे. सरांच्या मराठीत त्यामुळं शपथपत्राचा हलफनामा होई, आणि फारखत, मुखत्यार असले शब्द सहज येत. उन्हापावसानं त्यांचा काळा कोट हिरवट झाला होता. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कायद्याला का आलात. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं, "मार्क कमी पडले म्हणून."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"माझेबी कमी पडले होते, बेटा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. वकिली करायलो, पण आजवर एकाही पक्षकारानं मार्क विचारले नाहीत."

पुढच्या वर्षी, गणपती बोळवून लोक झोपले होते त्या पहाटे, जमीन हलली. आमच्याकडं फडताळातली भांडी पडली, एक भिंत तडकली, वरच्या दोघी पुस्तकं छातीशी धरून जिना उतरल्या. आम्ही अंगणात उभे राहिलो आणि थोड्या वेळानं घरात परतलो. दक्षिणेकडच्या गावांत परतायला घरं उरली नव्हती, हे उजाडल्यावर कळलं. मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या.

कॉलेज काही आठवडे बंद राहिलं. उघडलं त्या दिवशी सरांनी पुस्तक काढलंच नाही. "रविवारी पेन, कोरे कागद आणि कार्बन घेऊन स्टँडवर या," एवढंच म्हणाले.

आम्ही सहा जण गेलो. माळावर पत्र्याच्या शेडची रांग होती, पलीकडं दुसरी रांग. वारा आला की सगळे पत्रे एकदम खडखडत. एका लिंबाखाली आम्ही टेबल मांडलं. लोकांचे कागद ढिगाऱ्याखाली गेले होते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा शाळेचा दाखला. आम्ही अर्ज लिहायचे, सरांनी तपासायचे. पहिल्या दोन रविवारी माझा हात भराभर चालला. नाव, गाव, वय, कोण गेलं, कधी. मी ते सगळं परीक्षेचा पेपर सोडवावा तसं भरत होते, आणि मनातून जरा खूशही होते, हे आज कबूल करायला पाहिजे.

तिसऱ्या रविवारी एक बाई आली. तिशीची असेल. कडेवर चारेक वर्षांची मुलगी. नवरा, सासू, सासरा, तिघंही गेलेले. ती आणि मुलगी तेवढ्या माहेरी होत्या म्हणून वाचल्या. वारसाचा तिचा अर्ज परत आला होता, कारण त्यात नवऱ्याचं नाव "पहिलवान" असं लिहिलं होतं.

"हे असं कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"म्या न्हाई. शेजारच्या दाजीनं सांगितलं. गावात समदे त्येस्नी पहिलवानच म्हणायचे. जत्रंत कुस्ती मारली हुती एकदा."

"मग खरं नाव काय?"

ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारलं. तिनं मान खाली घातली.

"आवं, नाव कसं घिऊ?"

मला कळलं नाही असं नाही. माझ्या आईनंसुद्धा बाबांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. पण मागं पंधरा माणसं उभी होती, आणि मला माझ्या कायद्याचा तोरा होता. मी म्हणाले, "बाई, नावाशिवाय काही होणार नाही. आणि आता ते ऐकायला आहेत का? सांगून टाका."

तिनं परत आलेला अर्ज टेबलावरून उचलला. मुलीला सावरलं आणि चालू लागली. तिची पाठ मला अजून दिसते.

सरांनी सगळं ऐकलं होतं. रांग संपेपर्यंत ते अर्ज तपासत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, जमीन हलली तेव्हा त्या बाईचं सगळं गेलं. जी अदब तिनं राखली, तेवढी उरली. तीपण तू मागायलीस."

"मग दाजींना विचारू का? नाहीतर माहेरच्यांना?"

"हलफनामा तिचा हाय. दुसऱ्यानं तिच्या वतीनं बोलून एकदा काय झालं, ते बघितलंस ना."

तो आठवडा वाईट गेला. घरी मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी टेबलाशी बसलेच नाही. सरांना विचारून तिची शेड शोधत गेले. ती दारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, पण जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. मी आपली भुईवर बसले. म्हणाले, "मागच्या रविवारी माझं चुकलं."

तिनं भाकरी उलटली. "जाऊ द्या. तुमी ल्हान हाव."

मुलगी माझ्या पेनाशी खेळायला लागली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन टेकल्या. बोलणं कुठूनही कुठंही जात राहिलं. पाणी किती लांबून आणावं लागतं, दुपारी पत्रा कसा तापतो, तिच्या माहेरी निलंग्याच्या पलीकडं कानडी कसं बोलतात. मी नावाचा विषय काढला नाही. तिनं मला अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी खात असताना तीच म्हणाली, "तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"मग तुमाला नाव घ्यायची पाळी आली न्हाई अजून." मग जरा थांबून, चुलीकडं बघतच म्हणाली, "म्या घेतलं हुतं. एकदाच. लग्नात, उंबऱ्यावर. नणंदंनी दार अडवलं हुतं, सोडंचनात."

एक म्हातारी म्हणाली, "मग घे की गं आता. ह्या पोरीला कागदावर लिवायचंय."

"आता कसं घिऊ, मावशी? आता घेत असत्यात का?"

म्हातारीनं चुलीत एक काटकी सारली. सरपण तडतडलं. मग त्या बाईनं हाताचं पीठ झटकलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खाली बघत, नव्या नवरीच्या बारीक आवाजात म्हणाली:

"काळ्या रानात फुलली पिवळी करडई,
…रावांचं नाव घेते, नका करू घाई."

नाव तिनं स्पष्ट घेतलं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. बाई स्वतः मात्र आधी हसली, आपण हे काय केलं अशा नवलानं. "ह्यो एकच येत हुता मला," ती म्हणाली, "त्योबी आईनं पाठ करून घेतलेला." आणि मग त्याच हसण्यातून तिला रडू फुटलं. मुलगी उठून तिच्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

काही वेळानं तिनंच डोळे पुसले. "लिवा," ती म्हणाली.

मी लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून पहिला कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. संपूर्ण हलफनामा तिला सावकाश वाचून दाखवला. नावापाशी आले तेव्हा तिनं विचारलं, "कुठं हाय ते?" मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट सारून तिथं आपलं ठेवलं.

"आन् ह्येच्या म्होरं काय लिवलंय, ह्ये बारकं?"

"मयत," मी म्हणाले.

ती त्या शब्दाकडं बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

सरांपुढं तिनं अंगठा उठवला. सरांनी कागद वाचला, खाली सही केली आणि उभं राहून तिला नमस्कार केला. परतीच्या एसटीत त्यांनी आपल्या डब्यातला शिरा माझ्यापुढं धरला. "घरून दिलाय. तू खा."

त्या संध्याकाळी बाबांनी सहज विचारलं, आज कुठं होतीस. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं तेही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा ऐकत होते. माझं संपल्यावर ते इतकंच म्हणाले, "मग तिचा कागद होईल ना?" पुढच्या रविवारी त्यांनी आपलं दुकान उघडलं नाही. आमच्याबरोबर एसटीत बसले आणि दिवसभर लिंबाखाली लोकांना रांगेत पाणी देत फिरले. कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मला वाटलं, दुकानदार म्हणतील. ते म्हणाले, "ती लिहीत बसलीय ना, तिचा बाप."

त्या बाईचा कागद झाला. सासऱ्याची जमीन तिच्या आणि मुलीच्या नावावर लागायला पुढं दीड वर्ष गेलं. त्या फेऱ्यांत मी सरांच्या मागं कागद घेऊन असे. वारसाचा कायदा मी पुस्तकापेक्षा तिथंच जास्त शिकले. वरच्या खोलीत मुली येत राहिल्या, डॉक्टर होत राहिल्या, आणि कधीतरी मला त्यांचा हेवा वाटेनासा झाला. कधी, ते नेमकं आठवत नाही. सर माझी वकिलीची सनद बघायला राहिले नाहीत. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला जवळ बसवून घेतलं. "त्याच का तुम्ही? यांनी आपला शिरा ज्यांना दिला होता, त्या?" असं विचारून त्या रडल्या.

लग्नानंतर मी नांदेडला आले. इथंच वकिली करते. अर्धापूरकडून, नायगावकडून बायका येतात. बोलायला वेळ घेतात. मीही घेऊ देते.

मी लातूर सोडण्याआधी ती बाई एकदा घरी आली होती. सातबाऱ्यावर नाव लागलं ते सांगायला. बरोबर मुलगी, शाळेच्या निळ्या फ्रॉकात, आणि पिशवीत हुरडा. आईनं दोघींना जेवू घातलं. मग आई आणि ती बाई स्वयंपाकघरात तासभर बोलत बसल्या. मी दोनदा डोकावले, दोन्ही वेळा माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

ती निघाली तेव्हा आई सवयीनं कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि मध्येच थबकली. बाईही मागं सरकली. आम्ही लिंगायत. आमच्या देवघरात विभूती असते, आणि ती कुणीही लावावी, तिला सवाष्ण-विधवा काही नाही. आईनं करंडा खाली ठेवला, आत जाऊन विभूती आणली आणि तिच्या कपाळावर तीन बोटं सरळ ओढली. मग मुलीच्या. मुलीनं आमच्या आरशात स्वतःला बघून घेतलं आणि विचारलं, "हे किती दिवस ऱ्हातं?"

"घाम येईपर्यंत," आई म्हणाली. "गेलं की परत ये."