खुर्चीवरची चादर

घरी पाहुणे आले की आई माझ्या चाकांच्या खुर्चीवर चादर टाकायची. मला उचलून कोचावर बसवायची, परकर नीट ओढून पाय झाकायची आणि खुर्ची मागच्या पडवीत लोटायची. पोलिओने पाय गेले ते अगदी लहानपणी, त्यामुळे त्यांचं मला फारसं वाईट वाटत नसे. त्या चादरीचा मात्र संताप यायचा.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. मी व्यायामाला जायची त्या दवाखान्याने दसऱ्याच्या सकाळी खुर्च्यांची शर्यत ठेवली आणि माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त चेव आला. राजाजीनगरातल्या आमच्या चढावर रोज पहाटे सराव. तळहात सोलून निघत. खुर्ची गुळगुळीत फरशीवर फिरायला केलेली, रस्ता तिला झेपेना. कधी स्पोक तुटायचा, कधी पुढचं छोटं चाक अडून बसायचं, आणि बाबा तिथेच रस्त्यावर फतकल मारून पाना चालवायचे. उतारावर मी सुसाट सुटले की शेजारच्या अक्का फाटकातून ओरडत, "स्वल्प निधान, अम्मा!" हळू जायचं होतं तर शर्यतीत कशाला उतरले असते? आई मात्र सराव बघायला एकदाही आली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पुढच्या चाकाचा बोल्ट तुटला. नवा बोल्ट बाबांकडे होता. पण पाने, हातोडी, सगळी हत्यारं आईने सकाळीच पाटावर मांडून पूजली होती. शेजारी तिचं शिवणयंत्र हार घालून बसलं होतं.

"पूजेतलं हत्यार हलवायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या," आई म्हणाली.

"तोवर शर्यत संपेल!" माझा तोल सुटला. "शिवणयंत्राला हार आणि माझ्या खुर्चीला चादर! मी तिच्यावरच चालते ना? मग तिची पूजा का नाही?"

आईचे डोळे भरून आले. आता पाठीत धपाटा बसणार असं मला वाटलं. तिने झेंडूची फुलं बाजूला सारली, पाना उचलला, त्यावरचं कुंकू पदराने पुसलं आणि बाबांच्या हातात दिला.

"आधी तिला धड करा. मोडक्या वस्तूची पूजा करत नाहीत. देवीला काय सांगायचं ते मी सांगते."

दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लावलेल्या चाकांनी मी दुसरी आले. पहिला नंबर थोडक्यात हुकला म्हणून चिडलेच होते. पण चाकं शेवटपर्यंत टिकली, आणि मैदानाच्या कडेला "रेट गं, रेट!" असं सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती ती माझी आई.

संध्याकाळी सोनं द्यायला मंडळी आली. फाटक वाजलं तशी मी सवयीने खुर्ची कोचाकडे वळवली. आईने ती मागून धरली.

"कुठे निघालीस? बस इथेच. चादर धुवायला टाकलीय मी."