गॅलरीतला मनीप्लांट

कळव्यात आमच्या घरी रविवारी मटण असतंच. एकदा मी त्यासोबत रेड वाइन आणली. आईने आधी दार लावलं, मग दोघांसाठी स्टीलच्या पेल्यांत ओतली. "बाहेर कळलं तर याद राख!" असा दम मला देऊन शेवटचा घोट मात्र तिनेच घेतला.

पण चांगली काचेची बाटली टाकून देणं तिच्या रक्तातच नाही. सकाळी बघतो तर बाटलीत मनीप्लांट लावून तिने ती गॅलरीत ठेवलेली, लेबलासकट! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि बाटलीकडे टक लावून बघू लागल्या. आई मनीप्लांटला उगाच पाणी घालायला लागली.

काकू हळूच म्हणाल्या, "लेबल गरम पाण्यात निघतं हो. आमच्या तिन्ही मनीप्लांटचं मी तसंच काढलं."