पानं न कापलेली कादंबरी

चष्मेवाले काका जुन्या अमेरिकन कादंबऱ्या जमवत, त्याही जाड पुठ्ठ्याच्या आणि शक्यतो पहिल्या आवृत्तीच्या. देवाची मूर्तीही कोणी इतक्या हलक्या हाताने पुसत नसेल. त्यातल्या सर्वांत लाडक्या कादंबरीची बरीच पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. ती कापली की तिची सगळी अपूर्वाई जाणार, म्हणून काकांनी तिला कधी सुरी लावली नाही. अर्थात, वाचलीही नाही!

मग काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर पट्टी आली.

"अहो, तीच वाचून दाखवा. माझी एवढी लाडकी सवत आहे कशी, कळू तरी द्या मला."

पट्टी बांधलेल्या बायकोला नाही कसं म्हणणार? काका जोडपानांच्या फटीत बॅटरी मारून, एक डोळा मिटून वाचू लागले. दिसेल ते मराठीत सांगत आणि दिसणार नाही तिथे पदरचं घालत.

"थांबा," दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या. "काल घोड्यावरून पडून नायकाचा पाय मोडला ना? मग आज नाचतोय कसा?"

"बरा झाला असेल."

"असेल? अहो, पट्टी माझ्या डोळ्यांवर आहे की तुमच्या?"

उशाशी सफरचंदाच्या ताटलीत सुरी होती. काकूंनी ती चाचपून पुढे केली. "त्या बिचाऱ्याचा पाय बघा आधी."

काकांनी देवाचं नाव घेतलं आणि पान कापलं. दोन ओळी वाचल्या आणि ओरडलेच, "अगं, मोडलेलाच आहे! नाचतोय तो त्याचा भाऊ!"

"वाटलंच मला," काकू उशीला टेकल्या. "हं, पुढचं कापा."