पोहेवाल्यांची मुंबई

देवासला आमच्या चौकात एक काका पोह्यांची गाडी लावतात. "भिया, शेव जास्त टाकू का?" असं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात आणि उत्तर येण्याआधीच टाकतात. साठी उलटली तरी त्यांनी मुंबई पाहिली नव्हती, म्हणून यंदा सहलीला आम्ही त्यांना बरोबर नेलं.

समुद्राकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "बहुत मोठा आहे," एवढंच म्हणाले. समुद्रात फेरी मारून आणणारी आमची बोट सुटायला थोडा वेळ होता, म्हणून आम्ही वडापावच्या गाडीवर गेलो. एक बाई एकटीच वडे तळत होती आणि रांग वाढत चालली होती.

"ताई, सकाळपासून तुम्ही काही खाल्लं का?" काकांनी विचारलं.

तिने हसून रांगेकडे बोट दाखवलं.

"ही भीड, ही सगळी रांग मी पाहतो. तुम्ही बसून खा."

त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्याच गाडीवरचा गरम वडापाव तिच्या हातात दिला आणि बाह्या सरसावून ते कढईपुढे उभे राहिले. आमची बोट निघून गेली. मी आधी चिडलो. पण ती बाई इतकी निवांत खात होती, की मी मुकाट्याने रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो.