टॉलिव्हर मास्तरांची बोली

पहिल्याच दिवशी टॉलिव्हर मास्तरांनी माझ्याकडे पिन मागितली आणि मी ती दिली. हायडेलबर्गमधल्या भाषाशाळेचा इंग्रजीचा वर्ग. वीसेक जर्मन मुलंमुली, आणि पहिल्या बाकावर साडी सावरत बसलेली मी एकटी. मास्तर खिसे चाचपत माझ्यापाशी आले आणि अदबीनं म्हणाले, "मॅम, जरा पिन देता?" मी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी पिनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आभारी आहे. पण हिनं हजेरीवर सही कशी करू?" सगळा वर्ग खो खो हसला. त्यांना हवं होतं पेन! त्यांच्या तोंडी पेनही पिनच आणि पिनही पिनच. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तरांनी मात्र ती पिन टायला लावली आणि शिकवायला सुरुवात केली.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. आमचे हे लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. दिवसभर घरात एकटी बसून माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा ह्यांनीच सुचवलं की दुभाष्याची परीक्षा दे. ह्यांचं सगळं पुण्याचं, माझं माहेर बेळगावचं. दोनच वर्षांपूर्वी राज्यांची वाटणी होऊन आमचं बेळगाव कानडी मुलखात गेलं होतं, आणि पुण्याच्या सासरी मला लाडानं का होईना, पण 'आमची कानडी सून' म्हणत. अहो, घरात आम्ही मराठी बोलतो, असं किती वेळा सांगायचं माणसानं?

म्हणूनच बहुधा माझी आणि मास्तरांची गट्टी जमली. ते अमेरिकेतल्या केंटकीचे. गाव ओहायो नदीच्या ऐन काठावर. नदीपलीकडे उत्तरेची राज्यं सुरू होतात, आणि गावाच्या पाठीमागे दक्षिण पसरलेली. "उत्तरेचे लोक आम्हाला दक्षिणेचे समजतात, दक्षिणेचे लोक उत्तरेचे," मास्तर म्हणत, "आमचा पत्ता बिनचूक कळतो तो एकट्या पोस्टमनला." त्यांचे दोन आजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन बाजूंनी लढलेले. "म्हणजे आम्ही जिंकलोही आणि हरलोही. मिरवणूक मात्र कुणाचीच निघाली नाही. दोघं म्हातारे एका टेबलावर जेवायचे, पण एकमेकांना मीठ द्यायचे नाहीत."

एका रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी पाहून आधी जरा बिचकले, मग घाम पुसत पुसत तीन वेळा घेतली. आग्रहाच्या भरात मी मराठीतच म्हणाले, "आणि थोडी घ्या की, मास्तर." हे लगेच म्हणाले, "आणि नाही गं, आणखी." मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, आमच्याकडं 'आणि' म्हणतात, ह्यांच्याकडं 'आणखी', आणि ह्यांचं बरोबर. मास्तर जोरात हसले. त्यांची आई म्हणे मक्याच्या भाकरीत अर्धा चमचा साखर घाले. "दक्षिणेत साखर घातलीत तर वाळीत टाकतील. उत्तरेत नाही घातलीत तर भाकरीच म्हणणार नाहीत. म्हणून आईचा अर्धा चमचा." मी त्यांना तळ्यात-मळ्यात शिकवलं. पंचेचाळिशीचा तो उंच माणूस आमच्या स्वयंपाकघरात उड्या मारत होता आणि खालची घरमालकीण काठीनं छत ठोकत होती. तेव्हापासून कुणी गाव विचारलं की म्हणत, "टल्यात-मल्यात!"

पण शाळेच्या संचालकांना त्यांचं हे बोलणं आवडेना. मास्तरांची नोकरी दरवर्षीच्या करारावर चाले. परीक्षेत मुलं मास्तरांसारखं बोलू लागली, परीक्षक नाक मुरडू लागले. संचालकांनी बोलावून सांगितलं, "हे पाहा, हेर टॉलिव्हर, आम्हाला रेडिओवरची इंग्रजी हवी आहे. उच्चार सुधारा, कायमची नेमणूक देतो. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू."

मास्तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर आलेले, ते इथंच राहिले होते. लग्न केलेलं नाही. गावी म्हातारी आई होती, तिची दृष्टी गेली होती. शेजारणीकडून लिहवून घेतलेल्या प्रत्येक पत्रात तिचा एकच प्रश्न असे, नोकरी पक्की झाली का रे? तिला एकदा 'झाली' म्हणून सांगायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मला म्हणाले, "मॅम, घर सोडताना मी काही आणलं नाही. एक बोलणं तेवढं आणलं. तेही टाकायचं म्हणजे..." हे म्हणाले, "त्यात काय एवढं? शुद्ध बोलायला शिकणं चांगलंच की." मी भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

मास्तरांनी टेपरेकॉर्डर आणला आणि रोज त्याच्यासमोर बसू लागले. एकेक शब्द बोलायचा, ऐकायचा, पुसायचा, पुन्हा बोलायचा. त्यांचे लांबवलेले स्वर आखडत गेले. सावकाश, सांडत सांडत बोलायची ती तऱ्हा गेली, गोष्टीही कमी झाल्या. गोष्टी त्या बोलण्यातच होत्या की काय कोण जाणे! चार वर्षं ही तपश्चर्या चालली. संचालक दर वर्षी करार वाढवत, आणि दर वर्षी 'अजून थोडं' म्हणत. शेवटी मास्तर असे बोलू लागले की ते कुठले हे देवालाही ओळखता आलं नसतं. त्रेसष्ट साली नेमणूक कायम झाली. माझंही 'आणि' तोवर 'आणखी' झालं होतं, कधी ते मला कळलंसुद्धा नाही.

मास्तरांनी पोस्टात जाऊन अमेरिकेचा फोन नोंदवला. तोवर त्यांनी आईला कधी फोन केला नव्हता, नुसती पत्रं. मला म्हणाले, "चला ना मॅम, आनंदाच्या बातमीला कुणीतरी सोबत पाहिजे." ते बूथमध्ये गेले, मी काचेबाहेर थांबले. आधी हसत बोलत होते. मग हसणं थांबलं. मग एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगू लागले. मग रिसीव्हर हातात धरून नुसते उभे राहिले.

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, माफ करा साहेब, माझा मुलगा घरी नसतो, जर्मनीत असतो. मी म्हटलं, आई, मीच बोलतोय. तर म्हणाली, आंधळ्या म्हातारीची चेष्टा करू नये. माझा मुलगा असा बोलत नाही."

"अहो मग जुनं बोलायचं ना! तुमचं ते पूर्वीचं!"

"बोललो. म्हणाली, आता तर नक्कलही करताय. आणि फोन ठेवला."

माझा जीव नुसता तुटला. पुन्हा लावा म्हटलं, तर लावेनात. पत्रानं कळवतो म्हणाले, आणि नाताळात समक्षच जाऊन येतो. पत्र गेलं, शेजारणीनं वाचून दाखवलं, म्हातारीला आनंदही झाला म्हणे. पण नाताळ तिनं पाहिला नाही. मास्तर गेले ते तिच्या मातीला.

आठवड्याच्या आत परत आले. मी जेवायला बोलावलं. वाढता वाढता मी विचारलं, "गावाकडं सगळे भेटले का, मास्तर?"

"हो, सगळे भेटले. फार चांगले वागले," ते त्या निर्मळ, कुठल्याच नसलेल्या इंग्रजीत म्हणाले. "मातीनंतर आईच्याच घरात जेवण होतं. आमच्याकडं पाहुण्याला आधी वाढतात, मॅम. त्यांनी मला आधी वाढलं."