‘सापडत नाही’ असं मी म्हणाले

नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. आईला कळलं नाही, आणि ती आता नाही. ज्या भावासाठी हे केलं – निदान त्याच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आले – त्यालाही अर्धंच ठाऊक आहे. पूर्ण कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं कदाचित जमेल. बघू.

मी तलासरीत कॉम्प्युटर क्लास चालवते. राहायला डहाणूला. आसपासच्या पाड्यांवरची मुलंमुली माझ्याकडे टायपिंग शिकतात, सर्टिफिकेट घेतात, मग कुणी पंचायतीत लागतं, कुणी उंबरगावकडच्या कारखान्यांच्या ऑफिसात. सगळे मला मॅडम म्हणतात. आणि गेली काही वर्षं मी भाषणंसुद्धा देते. शाळांत, बचत गटांत, कॉलेजात. विषय एकच – आपल्यासारख्या देशांत कॉम्प्युटरचा कायदा कडक का हवा. मी सांगते की फोन पाड्यापर्यंत पोचला, पण कायदा तालुक्यापर्यंतसुद्धा धड आला नाही. दिल्लीत कलमं लिहिली जातात आणि इथल्या चौकीत ती वाचून दाखवणारा माणूस नसतो. तक्रार घेऊन आलेल्या मुलीकडेच पुरावा मागतात. मी सांगते, प्रत्येक तालुक्याला शिकलेला अधिकारी द्या, कंपन्यांना ठरावीक मुदतीत उत्तर द्यायला भाग पाडा. लोक मन लावून ऐकतात.

सगळं खरं आहे ते. एक अक्षर खोटं नाही.

पण भाषणाकडे वळले बघा. नेहमी असंच होतं माझं. रंजनाबद्दल बोलायचं होतं.

रंजना पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या गावची. घरी भात, नाचणी, थोडी वाल-तुरी. बारावी झालेली, विशीतली. सकाळी निघून जीपनं यायची, आणि बसायची ती अगदी खिडकीजवळच्या मशीनवर. बोलायची कमी, पण विचारायची नेमकं. एकदा शिकवलं की पुन्हा सांगावं लागत नसे. उंबरगावच्या एका कारखान्यात ऑफिसात मुलगी हवी होती, त्यांनी मला विचारलं तेव्हा मी तिचंच नाव दिलं होतं. परीक्षा झाली की रुजू व्हायचं, असं ठरलंही होतं.

क्लासला लागूनच माझ्या धाकट्या भावाचा, नीलेशचा, फोटो स्टुडिओ होता. मध्ये फक्त प्लायवूडचं पार्टिशन. तो लग्नांचे व्हिडिओ करायचा, पासपोर्ट फोटो काढायचा. माझ्या मुलामुलींचे परीक्षेच्या फॉर्मचे फोटो तोच काढायचा. सोय होती.

दोन हजार सोळाचा उन्हाळा लागत होता. एका दुपारी क्लास रिकामा असताना रंजना आली. हातात चुलत भावाचा फोन. तिनं तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फेसबुकवर तिच्या नावाचं खातं होतं. तिचा चेहरा, आणि खाली दुसऱ्याच कुणा बाईचं शरीर. सोबत तिचा मोबाईल नंबर. दोन दिवस तिला फोन येत होते – कुठून कुठून, गुजरातीत, हिंदीत, मराठीत. काय विचारत होते ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

“मॅडम, हा चेहरा फॉर्मच्या फोटोतला आहे,” ती म्हणाली. “ओढणी तीच आहे. पण असा हसतानाचा फोटो माझ्याकडे नाहीच. मला दिलेला वेगळा आहे. नीलेशदादाच्या कॉम्प्युटरमधून कुणी चोरला असेल का?”

दादा म्हणाली ती त्याला.

मी म्हणाले, स्टुडिओत कोणीही येतं-जातं, कसं सांगणार? आणि तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. हे एवढं माझ्या बाजूनं – पण नको, बाजू मांडायची नाही असं ठरवून बसले आहे.

ती गेली आणि मी पार्टिशनपलीकडे गेले. नीलेश गंजाडला लग्नाच्या शूटिंगला गेला होता. कॉम्प्युटर चालूच होता. फार शोधावं लागलं नाही. ते खातं तिथेच उघडं होतं. ज्या बाईचं शरीर लावलं होतं तिचाही फोटो होता, आणि जोडण्याचे दोन-तीन फसलेले प्रयत्नही. मी खुर्चीत बसून राहिले. पंखा बंद होता, तो लावायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी तो आला. मी विचारलं, का केलंस? तो आधी नाही म्हणाला, मग हसला, मग चिडला. “मजा म्हणून केलं गं. चहाला ये म्हटलं तर तोंड फिरवून गेली. समजते कोण स्वतःला?” एवढंच कारण होतं. मी त्याच्या थोबाडीत मारली. तो लहान असतानाही मी त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्याच्याकडून ते खातं बंद करून घेतलं. पण फोटो तोवर व्हॉट्सॲपवर निघाला होता. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तो परत कोण बोलावणार?

मग मी काय केलं? दार आतून लावलं आणि त्याचा कॉम्प्युटर कोरा केला. हार्ड डिस्क काढून नवी बसवली, विंडोज पुन्हा टाकलं. जुनी डिस्क पिशवीत घालून डहाणूच्या खाडीत टाकली. मला येतं हे सगळं. मी हेच शिकवते.

भाऊ होता माझा. त्याचा साखरपुडा झाला होता. आई आजारी होती. हे ऐकून तुम्हाला माझी कीव येईल, आणि तेवढ्यावर मी थांबले तर तुम्ही मला माफही कराल. म्हणून थांबत नाही.

दोन दिवसांनी रंजना पुन्हा आली. सोबत तिचे वडील. धुतलेला सदरा, हातात चपला – जिन्याखाली काढून ठेवायच्या की वर आणायच्या, हे न कळून हातात धरलेल्या. ते म्हणाले, “मॅडम, आमाला काय कलत नाय याच्यातला. तुमी शिकलेल्या. तुमी चला आमच्याबरोबर चौकीत. तुमचा ऐकतील.”

नाही म्हणता आलं असतं. पण मी गेले. का गेले? तेव्हा वाटलं, नाही म्हटलं तर संशय येईल. आज वाटतं, तिथे काय बोललं जाईल त्यावर मला नजर ठेवायची होती.

चौकीतले हवालदार चांगले होते हो. अगदी चांगले. त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला, रंजनाला पाणी दिलं. मग खरं ते सांगितलं – असल्या गुन्ह्याचा तपास मोठ्या साहेबांनीच करायचा असतो, साहेब पालघरला मीटिंगला गेलेत, आणि आपल्याला यातलं फारसं समजत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. असा माणूस सापडतो का? सापडत असेल तर मी आत्ता लिहून घेतो, साहेब आले की पुढे पाठवतो.”

त्यांनी पेन उघडलं होतं.

कायदा म्हणजे त्या क्षणी त्या खोलीत काय होतं? कपाटात पुस्तक असेल कदाचित. पण ते उघडणारं कुणी नव्हतं. मी म्हणेन तोच कायदा होता. आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं कॉम्प्युटर कायद्यातलं एक कलम रद्द केलं होतं, पेपरात मोठ्या बातम्या आल्या होत्या. ते कलम वेगळं होतं, लोकांच्या बोलण्या-लिहिण्याबद्दलचं. दुसऱ्याचं नाव आणि चेहरा वापरून खोटं खातं काढणं हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. मला हे माहीत होतं. क्लासच्या पुस्तकात तो धडा होता, मी स्वतः शिकवला होता.

मी म्हणाले, “सापडत नाही. सगळं अमेरिकेतल्या कॉम्प्युटरवर असतं. आणि ते कलमही रद्द झालंय, पेपरात आलं होतं.”

हवालदारांनी मान हलवली. त्यांनीही ती बातमी ओझरती वाचली होती. पेन मिटलं.

इथपर्यंत निदान मनातल्या मनात तरी मी कबूल करत आले आहे. पुढचं तेवढंही केलं नव्हतं.

रंजना आणि तिचे वडील बाहेर पडले. मी मागे होते. हवालदारांनी हळूच विचारलं, “मॅडम, मुलगी कशी आहे? म्हणजे – तिनंच कुणाला फोटो पाठवला असेल असं काही?”

नाही, एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. त्यानं नीलेशला काही झालं नसतं. पुरावा खाडीत होता, तक्रार लिहिलीच गेली नव्हती. मला कसलाच धोका नव्हता. आणि मी म्हणाले, “काय सांगावं? हल्लीच्या मुलींचं काही सांगता येत नाही.”

का म्हणाले? आजवर मी पुष्कळ कारणं शोधली. क्लासचं नाव खराब होईल, पालक मुली पाठवायचे थांबतील – ही भीती होती, नीलेशच्या काळजीपेक्षा जास्तच होती. पण ती भीती तर तोवर संपली होती. मला वाटतं, तिचीच काहीतरी चूक असायला हवी होती मला. ती पूर्ण निर्दोष राहिली असती तर मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नसतं. ते गेलं. व्यवस्थित गेलं.

दार उघडंच होतं. तिच्या वडिलांनी ऐकलं. मला कसं कळलं? कारण चौकीच्या पायऱ्या उतरल्यावर त्यांनी माझे आभार मानले, पण मुलीकडे पाहिलं नाही. जीपमध्ये ते पुढे बसले, ती मागे. येताना दोघं शेजारी बसून आली होती.

रंजना क्लासला पुन्हा आली नाही. परीक्षेला बसली नाही. मोटारसायकलवरून पोरं तिच्या पाड्यापर्यंत जायला लागली होती, असं दुसऱ्या एका मुलीनं सांगितलं. मग तिला सीमेपलीकडे, गुजरातेत मामाकडे पाठवलं, आणि तिकडेच तिचं लग्न लावून दिलं. उंबरगावच्या त्या जागेवर मी दुसरी मुलगी पाठवली. नीलेशचं लग्न झालं. त्यानं स्टुडिओ बंद केला, आता तो लोकांच्या दुकानांत कॅमेरे बसवतो. बरं चाललंय. त्याला मुलगी आहे, मला आत्या म्हणते. चौकीत मी काय बोलले, ते त्याला माहीत नाही.

आणि मी भाषणं द्यायला लागले. पहिल्या भाषणात मी रंजनाची गोष्ट सांगितली – नाव बदलून. म्हणाले, एक मुलगी माझ्याकडे आली होती, मी तिला घेऊन चौकीत गेले, पण आपला कायदा इतका दुबळा की काहीच करता आलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. ती गोष्ट मी नंतरही सांगत राहिले.

दोन हजार एकोणीसला डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेत मला मागून कुणीतरी “मॅडम” म्हणून हाक मारली. रंजना. कडेवर मूल, सोबत नणंद. अंगानं भरली होती, मी पटकन ओळखलं नाही. तिनं नणंदेला सांगितलं, “ह्या माझ्या कॉम्प्युटरच्या मॅडम.” बोलण्यात गुजराती हेल आला होता. मी विचारलं, कॉम्प्युटर चालवतेस का कुठे? ती हसली. घरात फोनसुद्धा तिच्या हातात देत नाहीत, म्हणाली. सासरी कुणीतरी तो जुना फोटो दाखवला होता.

मग नणंद बांगड्या बघायला पुढे गेली तेव्हा ती जवळ आली.

“बाबा पालघरला जाणार होते, मोठ्या साहेबांकडे,” ती म्हणाली. “गावच्या गुरुजींनी सांगितलेलं, अर्ज द्या, होतं काहीतरी. गुरुजी बरोबर यायलाही तयार होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, मॅडम सांगतात सापडत नाही, तर नाहीच सापडत. उगाच कशाला बाबांना फिरवायचं?”

मी तिच्या मुलाच्या गालाला हात लावला.

“बाबा त्यानंतर माझ्याशी नीट बोललेच नाहीत. का ते कळलं नाही. मागच्या वर्षी गेले.” तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “पण तुम्ही चौकीत आलात बरोबर. तेवढं तरी कोण करतं? मी सगळ्यांना सांगते तुमचं.”

बोलायला जागा होती. नणंद लांब होती, ढोल वाजत होते, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. तिनं माझा हात धरला होता.

मी म्हणाले, “अगं, त्यात काय एवढं.”

मुलाच्या हातावर मी खाऊ ठेवला. ती वाकून माझ्या पाया पडली, आणि मी तिला पडू दिलं.