रिठ्याच्या पाण्यातला डॉलर

माझ्याकडे सोन्याचा एक डॉलर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातला, करंगळीच्या नखाएवढा. यंदा दिवाळीनंतर नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिथे एक टेबल मिळालं होतं. आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर येतो, तर पिपरी मेघेतल्या आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर रिठ्याचं फेसाळ पाणी, शेजारी दंतमंजन आणि बायकोच्या हातात दातांचा जुना ब्रश. ब्रशाखाली माझा डॉलर.

"अवं, काय करून राह्यली तू?" मी किंचाळलोच.

"घासून राह्यली. चार लोकायत असा मळकट नेता का?"

मळकट! ती जुनी तांबूस झाक म्हणजेच तर नाण्याचं वय. संग्राहक तिच्यावर फुंकरही घालत नाही आणि हिने ती मंजनाने खरवडून काढली. मी पाय आपटले, जेवणावर राग काढला. लग्नकार्याला निघताना आमच्याकडे घरचं सोनं रिठ्यात धुतात, हे मला माहीत नाही का? पण डॉलर म्हणजे काय गोफ आहे?

खरं तर घोडचूक माझीच. नाणं घेतलं तेव्हा ही घर डोक्यावर घेईल या भीतीने मी सांगितलं होतं, "नाणं कायचं, सोनंच हाय ते." तेव्हापासून तिच्या लेखी ते सोनं. दर लक्ष्मीपूजनाला डबीसकट पाटावर, डबीला हळदकुंकू लावून. मीही कधी समजावलं नाही. कशाला डोक्याला ताप!

प्रदर्शनात एका जाणत्या गृहस्थांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं. "धुतलंय हे. आता सोनारालाच दाखवा." नंतर दिवसभर मी टेबलामागे माशा मारत बसलो.

भांडायच्या तयारीनेच घरी परतलो. डॉलर ओट्यावर आपटला, तो पालथा पडला. बायकोने चष्मा लावून तो उचलला.

"हे बोंड व्हय ना, कपाशीचं? घासतानी दिसलं मले."

बोंडच होतं. नाण्याच्या मागच्या बाजूला कापूस, मका, गहू असा पानाफुलांचा वेढा आहे. त्या बोंडासाठीच तर मी हे नाणं शोधत होतो. त्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस बंदरांतच अडकला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तळेगावच्या माहेरी कपाशीत लहानाची मोठी झालेल्या या बाईला हे मी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, तेही चिडचिडत.

तिने सगळं ऐकून घेतलं. डॉलर पदराने पुसायला गेली आणि थांबली.

"सोनं हाय म्हणले तुमी, म्हणून घासलं. कापूस हाय म्हणून सांगतलं असतं, तं पाणी तरी लागू देलं असतं का मी?"